शेजारच्या खोलीतला हात

२२ ऑगस्ट, गुरुवार

शी! जातच नाही ही शाई. साबण झाला, खोबरेल झालं, नेलपॉलिश पुसायचं ते उग्र वासाचं पाणी झालं. उरलेल्या हातावर निळ्या फुल्या तशाच.

बुद्धप्रियानं काढल्यात. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती कृत्रिम हातांवर संशोधन करते. परवा दिवसभर पेन्सिलीच्या बोथट टोकानं माझ्या कोपराखाली दाबत होती. "मॅडम, इथं?" — अंगठा. "इथं?" — करंगळी. जी बोटं नाहीत ती तिथं लपून बसलेली! बोट सापडलं की एक फुली. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, जन्मभर नकाशे काढले. स्वतःच्या कातडीवरचा नकाशा मात्र बघवेना.

सुदर्शननं पाहिलं. "हे काय गोंदवून आलीस?" म्हणाला आणि चहा घेऊन गॅलरीत गेला.

या हाताला बुद्धप्रिया स्टंप म्हणते. आत्याबाई, म्हणजे सुदर्शनची आई, खुंट म्हणतात. सुदर्शन काहीच म्हणत नाही. एसटीच्या खिडकीचा गज धरून बसले होते आणि उसाची ट्रॉली घासून गेली, त्या दिवसापासून माझ्या नवऱ्यानं या हाताला बोट लावलेलं नाही. दवाखाना केला, औषधं केली, रजा काढली. हात लावला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. — नाही, तक्रार म्हणूनच लिहिते आहे. या वहीत तरी खोटं नको.

आणि मूठ! नसलेल्या हाताची मूठ तेव्हापासून आवळलेलीच आहे. अजून गज धरून बसली आहे. नखं तळव्यात रुततात. नखं नाहीत, तळवा नाही, ठणका मात्र खरा. डॉक्टर म्हणाले, "होतं असं." बास. होतं असं!

२३ ऑगस्ट, शुक्रवार

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून टाकते.

ऋतुजा नावाची मुलगी आहे. शिल्पकला शिकलेली, मूळची लातूरची. बुद्धप्रियाच्या संशोधनावर ती कलाकृती करते आहे. माझ्या डाव्या हातावरून तिनं उलटा साचा करून उजवा हात बनवलाय, सिलिकॉनचा, आत सेन्सर. तो हॉलमध्ये ठेवणार. लोकांनी तो धरायचा. मी शेजारच्या खोलीत पट्टा बांधून बसणार. त्या हातापासून पट्ट्यापर्यंत तार; ते जिथं दाबतील तिथं पट्ट्यातल्या बारीक मोटारी माझ्या फुल्यांवर दाबणार, आणि मला ते त्या त्या बोटावर कळणार. मी त्यांना दिसायचं नाही, ते मला दिसायचे नाहीत. "तुमचं तुटलेपण सार्वजनिक होईल मॅडम," असं म्हणाली. कसली भाषा ही!

तरी हो म्हणाले. विज्ञानासाठी नाही, कलेसाठी तर नाहीच. सुदर्शन येईल, तो हात धरेल, आणि मला कळेल — त्याचा चेहरा न बघता — म्हणून. एवढ्यासाठी नांदेडच्या सगळ्या गावाला हात धरू देणार आहे मी.

२५ ऑगस्ट, रविवार

उजवा नसला की डाव्यानंच धुवायचं आणि डाव्यानंच जेवायचं. हे कोणी बोलत नाही. सगळे जाणतात.

आज पाहुणे होते. आत्याबाईंनी माझ्या ताटात चमचा ठेवला. वरणाला, भाताला ठीक. भाकरीला चमचा? "खा की गं सायबिणीवानी," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पाहुणी ताटावरून नजर उचलेना. मी भाकरी डाव्या हातानं मोडली. मुद्दाम. मोठा तुकडा मोडला. सुदर्शन उठून पाणी आणायला गेला. तांब्या भरलेला होता!

स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातलं कोणी घेत नाही. पूर्वी माझ्या कारळाच्या चटणीवर तुटून पडायचे. आता ज्याचा त्याचा उपास असतो.

मला त्यांची किळस येते. आणि मी? डेटॉलनं धुऊन धुऊन या डाव्या हाताला भेगा पडल्यात. कोणी सांगितलं होतं का मला?

२८ ऑगस्ट, बुधवार

प्रदर्शनाचा पहिला दिवस. आंघोळ केली तरी लोकांचे स्पर्श गेले नाहीत.

खोली म्हणजे हॉलची अडगळ. मोडक्या खुर्च्या, घुशीचा वास. मधे प्लायवूडची भिंत, त्यातून सगळं ऐकू येतं. प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी हात धरला तो सोडेचनात. चंदन, चांदणं, कातळ असलं काहीतरी बोलत होते आणि बोलता बोलता माझा अंगठा चोळत होते. हार आणायचं राहिलं होतं म्हणून पुन्हा एकदा फोटो. पुन्हा अंगठा.

मग कॉलेजची पोरं. पंजा लढवला. "हरली की बे मॅडम!" एकानं नखं रोवून पाहिली, खरंच कळतं का म्हणून. एक बाई नुसती हाताच्या पाठीवर टिचक्या मारत राहिली, टरबूज बघावं तशी. आणि सगळे बाहेर पडताना बुद्धप्रियाला विचारत, "इथं हात कुठं धुवायचे?"

हे सर्वांत वाईट. रबर धरून हात धुतात!

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज हसले. आधी तेच लिहिते.

महालक्ष्म्या जवळ आल्यात. बाजारात मुखवटे, कोथळ्या, हात यांची दुकानं लागलीत. आमच्याकडं महालक्ष्मी अशी जोडूनच उभी करतात, कोथळी म्हणजे धड वेगळं, मुखवटा वेगळा, हातांची जोडी वेगळी विकत घ्यायची. ऋतुजानं शोभेसाठी तसल्या पांढऱ्या हातांच्या जोड्या भिंतीवर टांगल्यात आणि माझा हात मधोमध महालक्ष्मीच्याच लोखंडी स्टँडवर बसवलाय. याच हॉलमध्ये दरवर्षी महालक्ष्मीचा सेल लागतो. दारात पाटी 'प्रदर्शन'. मग काय व्हायचं?

"ताई, जोडी कशी दिली ही?"

"काकू, हे विकायला नाही. ही कलाकृती आहे."

"असू दे की. भाव सांग. पण एकच हाय! डावा कुठाय?"

"डावा नाहीये."

"अगं बया! मंग एका हाताची महालक्ष्मी उभी करू का मी? लोकं काय म्हणतील?" मग दुसरीला हाक, "सिंधू, बघ गं, बोटं वाकत्यात. माल चांगला हाय. बांगडी जाती का बघ."

आणि माझ्या हातात बांगडी भरली! कासार दाबतो तशी बोटांची मुळं एकत्र दाबली, अंगठा आत वळवला, हातावर हात चोळत बांगडी वर सरकवली. किती वर्षांनी! एकटी बसून खुदकन हसू आलं.

"जाती. पण एकीला घेऊन काय करू? ठिव तिकडं." धप्प! करंगळीवर आदळलं.

हसू गेलं. चांगला माल, पण एकच. जोडी नाही, म्हणून ठेव तिकडं. इतकं स्पष्ट कोणी मला सांगितलं नव्हतं. बाईंचा राग नाही. राग याचा की ती बांगडी काढली तेव्हा मला वाईट वाटलं. मी एवढी भुकेली आहे? शी.

३० ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी एक माणूस आला. बोलला नाही. हात हातात घेतला आणि एका बोटानं तळवा खाजवायला लागला. हळूहळू. थांबून पुन्हा. बसमध्ये, रांगेत, प्रत्येक बाईला ठाऊक असलेलं ते खाजवणं.

आणि हात मागे घेता येईना! हात तिकडे, मी इकडे. मूठ आवळलेली, तरी तळव्यावर त्याचं बोट. पट्टा ओरबाडून काढला. कातडी सोलली. ओकारी आली, ती मोडक्या खुर्च्यांमागे जाऊन काढली.

ऋतुजा धावत आली. डोळे चमकत होते तिचे. "मॅडम, हाच तर मुद्दा आहे! तुम्हाला हात मागे घेता येत नाही! प्रत्येक बाईचं हेच—"

"गप," बुद्धप्रिया म्हणाली. "गप बस ऋतुजा." तिनं त्या रबरी हाताला स्पिरिटनं पुसून काढलं. मला वाटलं, मलाच पुसते आहे.

मी ऋतुजाला सांगून टाकलं. सुदर्शनचं. अपघातापासून त्यानं हात लावलेला नाही, उद्या सुट्टी आहे, एक वाजता येतो म्हणालाय, मी फक्त त्यासाठी इथं बसले आहे, तुझ्या मुद्द्यासाठी नाही. तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

का सांगितलं? तिला लाज वाटावी म्हणून. नवऱ्याची अब्रू काढली मी, एका पोरीला गप्प करायला.

३१ ऑगस्ट, शनिवार

आला!

एक वाजता हॉल रिकामा होता. जेवणाची वेळ. मी डोळे मिटून बसले होते. बराच वेळ काहीच नाही. वाटलं, नाही येत. मग —

आधी नुसता तळवा ठेवला, पाठीवर. दाबलं नाही. ठेवला आणि थांबला. मग करंगळी. मुळापासून टोकापर्यंत, हळू. मग तिच्या शेजारचं बोट. घाई नाही. एकेक बोट असं की जणू त्याला विचारून पुढं जातो आहे. अंगठ्याशी आला तेव्हा मला कळलं — मूठ सुटते आहे. मी काही केलं नाही. बोटं आपोआप उलगडली. नखं तळव्यातून निघाली. तो गज सुटला!

रडले. आवाज जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरला. हा माणूस इतके दिवस हे कुठं ठेवून बसला होता?

१ सप्टेंबर, रविवार

मूठ अजून सैल आहे. झोप लागली.

सकाळी विचारलं. "काल आला होतात ना?"

"हाव." पेपरच्या मागून.

"हात धरलात?"

पेपर हलला नाही. "हाव. कळलं का तुला?"

"कळलं."

"मग झालं तर." आणि कानाच्या पाळ्या लाल. लाजतोय! या वयात!

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. आत्याबाईंनी मातीच्या बैलांना पुरणाचा नैवेद्य दाखवला. जेवणं झाल्यावर मी पट्ट्यानं सोललेल्या जागी मलम लावत होते. सुदर्शन समोर येऊन बसला. "आण इकडं," म्हणाला.

दिला. याचीच वाट पाहत होते ना मी?

त्यानं मलम बोटावर घेतलं आणि नजर टीव्हीवर ठेवून लावायला लागला. बिजागरीला तेल द्यावं तसं. बोट ओलसर, कडेकडेनं फिरणारं, श्वास रोखलेला. टोकाशी शिवण आहे तिथं आल्यावर मान वळवली. आणि मूठ गपकन आवळली! पूर्वीपेक्षा घट्ट.

"बास," म्हटलं.

"दुखलं का गं?"

"नाही."

मोरीत जाऊन साबणानं हात धुतला. मलमासकट. मग नळाखाली तसाच धरून उभी राहिले. मी काय केलं हे? लोक रबर धरून हात धुवायचे, त्यांना मी काय काय म्हटलं होतं!

तोच माणूस. तेच बोट. शनिवारी भिंतीपलीकडून इतकं हलकं आणि आज असं? की दोष स्पर्शात नसून बघण्यात आहे? चेहरा दिसला म्हणून?

४ सप्टेंबर, बुधवार

आता रोज लावतो. आज तर माझी डाव्या हाताची नखंही कापून दिली. एका हातानं त्याच हाताची नखं कापता येत नाहीत. आजवर शेजारच्या महामायाताई कापून द्यायच्या. "सुदर्शन लई करून राहिला गं तुझं," आत्याबाई म्हणाल्या. "नशीब लागतं." टोमणा नव्हता. खरंच म्हणाल्या.

मी हसले. नेलकटरची कट्‌कट्‌ ऐकत दात आवळून बसले होते. माणूस सुधारतो आहे आणि मला त्याची शिसारी येते. कसली बाई आहे मी?

५ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी ऋतुजा आली. सुदर्शन ऑफिसातून आला नव्हता. आत्याबाई भजनाला. प्रदर्शन पुण्याला नेणार म्हणे, मी यावं. मी नाहीच म्हणणार होते. ती चहा प्यायली, बशी धुऊन ठेवायला निघाली, पुन्हा बसली.

"मॅडम, एक सांगायचंय. तुम्ही मला मारा हवं तर."

"बोल."

"शनिवारी सर आले होते. दारात चपला काढल्या, देवळात काढतात तशा. मी म्हटलं, सर, तसंच या. ते आत आले. हाताकडं बघितलं. खूप वेळ. मग मागे गेले, चपला घातल्या. मी मागं धावले, 'सर, मॅडम आत बसल्यात.' ते म्हणाले, 'हाव, हाव, गाडी लावून येतो.' नाही आले."

मी तिच्या हातातली बशी काढून घेतली.

"तुम्ही आत बसलेल्या. मला राहवलं नाही. म्हणून मी..."

तिचे हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. नखांत प्लास्टर अडकलेलं, अंगठ्याला कापल्याची जुनी खूण. हेच ते!

"जा," म्हटलं. "आत्ता जा तू."

गेली. दया केली माझ्यावर. भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकावी तशी पाच बोटांवर पाच दया टाकून गेली पोरगी! चोरीच ही. माझ्या नवऱ्याचं सोंग घेतलं तिनं माझ्या अंगावर. किळस, किळस, किळस.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कॉलेजात नद्या शिकवत होते. फळ्यावर मांजरा काढली, गोदावरी काढली, दोन्ही मिळतात तिथं खडू थांबला. पोरं बघत राहिली.

सुदर्शन खोटं बोलला. पण ते निभावायला त्यानं जे केलं ते खरं आहे. मलम खरं, नखं खरी. मान वळवून का होईना, रोज करतो. तो भित्रा आहे, वाईट नाही. त्याला "तुम्ही आलाच नव्हतात" म्हटलं तर तो मोडेल. आणि मलम लावणं थांबेल. ते थांबावं असं मला वाटतं का? वाटतं. म्हणून सांगायचं नाही. ज्या कारणानं सांगायचं ते कारण चांगलं नाही.

आणि ऋतुजा. कालपासून तिच्यावर थुंकते आहे मनातल्या मनात. पण मूठ तिच्यापुढं उघडली. माझ्या हाताला नाव माहीत नव्हतं. त्याला फक्त ते घाई नसणं कळलं. मग फसवलं कोणी कोणाला? मला कळत नाही. आज पहिल्यांदा असं वाटलं की मला कळून घ्यायचंही नाही.

ठणका वाढलाय. गोळीनं जात नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मोदक आत्याबाईंनी केले. मी लांबून सांगत होते.

८ सप्टेंबर, रविवार

ऋतुजाला फोन केला. पुण्याला येते म्हटलं. भिंतीवर माझं नाव नको, भाषणात तुटलेपण नको. आणि रोज सकाळी, दार उघडायच्या आधी, कोणी नसताना, तिनं शनिवारसारखं धरायचं. सुदर्शनला यातलं काही सांगायचं नाही. मला माहीत नाही, असंच त्याला वाटू दे.

ती म्हणाली, "मॅडम, मग ते रबर, ती तार कशाला? मी सरळ तुमचाच हात धरते ना."

"नको," म्हटलं. "तारेतूनच."